सासूबाईंच्या खात्यात गणपती

चंदीगडच्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती एका वर्षी सासूबाईंच्या बचत खात्यात बसला.

यात गणपतीचा काही दोष नाही. सासूबाईंचाही नाही. दोष कुणाचा ते मी आत्ताच सांगून स्वतःचं हसं कशाला करून घेऊ? (ते पुढे सविस्तर होणारच आहे.)

मुळात मी मंडळाची खजिनदार झाले ती बोलण्याच्या नादात. त्याआधीच्या वर्षी वर्गणी फोनवरून गोळा केली होती. चौकोनी ठिपक्यांचं चित्र सगळ्यांना पाठवलं, पैसे आले, आनंद झाला. मग पावत्या लिहायला बसल्यावर कळलं, की पैसे माणसांकडून आलेलेच नाहीत. ते 'किंग ऑफ मोहाली'कडून, 'मम्माज प्रिन्स'कडून आणि कुणा 'क्यूट स्वीटी'कडून आले होते! आमचे अध्यक्ष बोकाडे काका मूळचे नागपूरचे. त्यांनी भर सभेत विचारलं, "क्यूट स्वीटी कोण आहे?" सगळ्यांच्या माना सेक्टर चौतीसच्या क्लासेसना येणाऱ्या पोरापोरींकडे वळल्या. ती बिचारी एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी मागच्या रांगेतून निवृत्त कर्नल शिंदे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मी. फोन सुनेचा होता."

तेव्हाच मी उठले. गप्प बसायला काय झालं होतं? पण उठले!

"वर्गणी बँकेत भरायची, शिक्का मारलेली स्लिप घ्यायची आणि ती जपायची," मी म्हणाले. "आमच्या घरी लग्नापासूनची प्रत्येक स्लिप फायलीत आहे."

"वाह, वहिनी!" बोकाडे काकांनी टाळी वाजवली. "असंच माणूस पाहिजे होतं न जी आपल्याले!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसेपर्यंत खजिनदार झालेली होते.

आता पैसे भरायची स्लिप निवडणं हे लोकांना किरकोळ काम वाटतं. माझा नवरा रमेश मोहालीत संगणकाच्या कंपनीत आहे, त्यालाही वाटतं. पण बँकेतली स्लिप कधी नीट पाहिलीय का? आपल्याला मिळणारा तुकडा बसच्या तिकिटाएवढा! त्यात शिक्का असा बसतो, की रक्कम शिक्क्याखाली आणि तारीख शिक्क्याबाहेर, कागदाच्याही बाहेर, टेबलावर! मला तीन प्रतींची स्लिप हवी होती. एक बँकेला, एक मंडळाला, एक भरणाऱ्याला. शाळांची असतात ना, तशी खास छापलेली. मी शाखेच्या मॅनेजरना भेटून परवानगी मागितली. ते हसून म्हणाले, "काग़ज़ जो मर्ज़ी छपवा लो मैडम, बस अकाउंट नंबर सही होना चाहिए."

हे त्यांनी सांगायची काही गरज होती का? मला जरा रागच आला.

सेक्टर बावीसमध्ये लग्नपत्रिका छापणारे एक चड्ढाजी आहेत. त्यांच्याकडून मी कागदांचे नमुने घरी आणले आणि दिवाणावर पसरले. साड्या पसरतात तसे. रंगीत, पांढरे, जाड, पातळ, फाडायला सोपं जावं म्हणून टोचे मारलेले, वर लिहिलं की खाली आपोआप उमटणारे. आमच्या सासूबाई सांगलीकडच्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडेच असतात. त्या चष्मा लावून पुढे सरकल्या.

"ह्यो गुलाबी नगं," त्यांनी एक कागद बाजूला केला. "लग्नाची पत्रिका वाटतीया. लोक पैसं भरायचं सोडून जेवायला येतील."

"मग हा पिवळा?"

"ह्यो हळदीचा वाटतोय."

"पांढरा घे ना," रमेश लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला.

मी आणि सासूबाईंनी त्याच्याकडे एकाच वेळी कीव करून पाहिलं. लग्नानंतर आमचं असं एकमत क्वचितच झालं असेल.

"मम्मा, स्लिप ही तो है यार," आठवीतली माझी लेक ओवी म्हणाली. (तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र हिंदीत येतं.)

शेवटी ठरलं. बँकेची प्रत पांढरी, भरणाऱ्याची हिरवी आणि मंडळाची केशरी. वर बारीकसा गणपती, खाली टोचे, आणि खाते क्रमांक आधीच छापलेला, म्हणजे कुणाची लिहिताना चूक नको! चड्ढाजींनी फोन केला, "भैनजी, अकाउंट नंबर भेज दो. कोई पुरानी स्लिप हो तो उसी की फोटो भेज दो."

मी फायलीतली सगळ्यात वरची स्लिप काढली, फोटो काढला आणि पाठवून दिला. मंडळाचं खातं ज्या शाखेत, त्याच शाखेत सासूबाईंचंही खातं. त्यांचे पैसे मी दोनच दिवसांपूर्वी भरून आले होते. वरची स्लिप त्यांची होती! पण हे कळायला मला अजून बराच अवकाश होता, कारण छापण्याआधीचा नमुना आला तेव्हा मी फार महत्त्वाच्या गोष्टी तपासत होते. चड्ढाजींनी 'वर्गणी'चं 'वगर्णी' केलं होतं.

"चड्ढाजी, ये र ऊपर ग़लत जगह बैठा है."

"ये उड़ने वाली चीज़ भैनजी? किसके सिर पे बिठानी है?"

"ग के."

त्यांनी ती 'व'च्या डोक्यावर बसवली. मग 'णी'च्या. मी पुन्हा पुन्हा सेक्टर बावीसला गेले. तो रफार मी असा हाकलत हाकलत 'ग'वर नेऊन बसवला, की खाली छापलेल्या आकड्यांकडे बघायला डोळ्यांत त्राणच उरलं नाही.

स्लिपा आल्या आणि माझा भाव वधारला. काय दिसत होत्या! मी त्या घरोघर वाटल्या, क्लासेसच्या पोरांना दिल्या, सेक्टर सदुसष्टच्या औषधसंस्थेत शिकणाऱ्या मुलींना दिल्या. लोक बँकेत पैसे भरायचे, हिरवी प्रत स्वतःकडे ठेवायचे आणि केशरी मला आणून द्यायचे. मी ती तारखेप्रमाणे फायलीत लावायची, शेजारी वहीत नोंद करायची, नोंदीपुढे बरोबरची खूण. रात्रीचं जेवण झालं की मी ती फाईल नुसती चाळत बसायची. रमेश म्हणाला, "आपल्या लग्नाचा अल्बमसुद्धा तू असा बघितला नाहीस."

"लग्नात शिक्के नव्हते," मी म्हणाले.

आणि मग कर्नल शिंद्यांचा फोन आला. "सुजाता, बँकेत काउंटरवरच्या मुलीनं नंबर टाकला की तुझं नाव येतं! एस. आर. पाटील! तिनं विचारलं, हेच का? मी म्हटलं, हो, हो, आमच्या खजिनदार आहेत."

दुसऱ्याही दोघातिघांनी हेच सांगितलं. "काकू, बँकेत तुमचं नाव येतं!"

शहाण्या बाईला इथे शंका आली असती. मला आनंद झाला! मला वाटलं, बँकेनं माझ्या कामाची दखल घेतली. मी रमेशला म्हणाले, "बघ, मंडळाच्या खात्याला माझं नाव लावलंय." मी सुजाता रमेश पाटील. पण सासूबाई शकुंतला रघुनाथ पाटील आहेत, आणि एस. आर. पाटील व्हायचा त्यांचा हक्क माझ्या कितीतरी आधीचा आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तिकडे सासूबाईंच्या फोनवर काय चाललं होतं, हे मला नंतर ओवीनं सांगितलं.

आमचे सासरे सरकारी खात्यात ओव्हरसियर होते. त्यांच्या पेन्शनचा फरक सरकारकडून यायचा राहिला होता. त्यांनी हयातीत अर्ज केले, ते गेल्यावर सासूबाईंनी केले. प्रत्येक अर्जाला उत्तर यायचं, 'विचाराधीन'. आम्ही आशा सोडली होती, सासूबाईंनी नाही. अशात त्यांचा फोन टुंगकन वाजला. मेसेज इंग्रजीत. त्यांनी ओवीला वाचायला दिला.

"आजी, पैसे आए हैं."

"कुठनं?"

"पता नहीं. बँक में किसी ने जमा किए."

थोड्या वेळानं पुन्हा टुंग. "आजी, फिर से!" मग तिसऱ्या दिवशी टुंग, टुंग, टुंग.

सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. "फरक आला गं बाय! सरकार हाय न्हवं का, येकदम कसं दील? थोडं थोडं करून देतंय." आणि ओवीला बजावलं, "आयेला सांगू नगंस. मला तिला चकित करायचं हाय." गप्प बसण्याबद्दल ओवीला रोज गोलगप्पे मिळत होते, म्हणून ती रोज गप्प होती.

मला सासूबाईंमध्ये फरक दिसत होताच. (तोच शब्द!) आठवडी भाजी बाजारात ज्या बाईनं मुळ्यासाठी सरदारजींशी हुज्जत घातल्याशिवाय कधी पिशवी उघडली नाही, ती म्हणाली, "रहने दो भैया, रखो, पोरं-बाळं हैं आपको." मी घाबरले. रमेशला म्हटलं, "आईंचं बीपी तपासून आण." बीपी उत्तम होतं. डॉक्टर म्हणाले, माताजी एकदम फिट! माताजींनी कंपाउंडरलाही चहापाण्याला दिले.

मग गणपतीच्या तयारीची सभा झाली. सभागृह भरलेलं. मी फाईल छातीशी धरून पहिल्या रांगेत. बोकाडे काका म्हणाले, "महाप्रसादाचं काय करायचं, बोला." सगळे छताकडे बघायला लागले. महाप्रसाद म्हटलं की आमच्या सभागृहाचं छत फार प्रेक्षणीय होतं.

तेवढ्यात सासूबाई उभ्या राहिल्या. नऊवारीचा पदर सावरला.

"महाप्रसाद माझ्याकडनं. आमच्या ह्यांच्या नावानं. कुणी मागं ऱ्हायचं न्हाई, शेजारपाजारचं पंजाबी लोकबी बोलवायचं."

आणि कमरेच्या पिशवीतून चेक काढून त्यांनी बोकाडे काकांच्या हातात ठेवला! आकडे ओवीच्या अक्षरात, सही मराठीत, शकुंतला रघुनाथ पाटील.

सभागृहात टाळ्यांचा असा कडकडाट, की बाहेरचा रखवालदार आत डोकावला. काकांनी पाहुण्यांसाठी आणून ठेवलेली शाल आणि नारळ तिथल्या तिथे सासूबाईंना दिला. "आजी, तुमी तर कमालच केली, बाप्पा!" माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. रमेश नुसता आईकडे बघत होता. घरी येताना गाडीत मी म्हणाले, "आई, एवढे पैसे?" तर त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "द्येवानं दिलं."

देवानं नव्हे, देवाच्या वर्गणीनं! पण हे कोणाला माहीत?

दुसऱ्या दिवशी मंडपवाला आगाऊ रक्कम मागायला आला. मी त्याला म्हटलं, "आजच देते," आणि ऐटीत बँकेत गेले. आधी सासूबाईंचा चेक मंडळाच्या खात्यात भरायचा, मग मंडपाचे पैसे काढायचे. मी माझी सुंदर तिरंगी स्लिप भरली, टोचे हळूच दुमडले आणि काउंटरवर दिली. तिथली सरदारनी मुलगी हुशार होती. तिनं चेक पाहिला, स्लिप पाहिली, पुन्हा चेक पाहिला.

"मैडम, ये चेक जिस अकाउंट से कट रहा है, उसी में जमा हो रहा है."

"नहीं नहीं, ये मंडल में जमा करना है."

"पर नंबर तो इसी का है. एस. आर. पाटील."

"हाँ, वो मैं हूँ," मी हसून म्हणाले. "ख़ज़ानची."

"आप शकुंतला हो?"

माझं हसू जिथं होतं तिथंच थांबलं.

"...वो मेरी सास है."

"फेर मैडम," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "सारा पैसा तो मम्मी जी के पास गया. और मम्मी जी का मम्मी जी को!"

मंडळाच्या खात्यात काय होतं? मागच्या वर्षी उरलेली चिल्लर! मी खांबाला टेकले. मागं रांगेत उभ्या असलेल्या काकूंनी मला पाण्याची बाटली दिली. गावातल्या समस्त मराठी माणसांनी, अगदी पॉकेटमनीतून वर्गणी काढणाऱ्या विद्यार्थ्यांनीसुद्धा, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे भरले होते, आणि पडद्यावर नाव दिसत होतं एस. आर. पाटील! उद्या कुणी म्हणालं, की खजिनदारानं वर्गणी घरात वळवली, तर काय सांगणार? रफार नीट होता म्हणून?

घरी गेले. सासूबाई शेंगा सोलत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"म्हंजी... ह्यांचा फरक न्हाई आला?"

तोपर्यंत मला माझीच काळजी होती. त्या एका प्रश्नानं ती मी विसरले. मी 'नाही' म्हणून मान हलवली. त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. मग विचारलं, "त्यातलं मी काय खर्चलं न्हाई न्हवं?"

"नाही आई. मुळा आणि गोलगप्पे तुमच्या पेन्शनमध्ये बसतात."

"मग लोकांचं लोकांला आजच्या आज दिऊन टाक. आन् माझी ठेव मोड. जेवणाचं त्यातनं करू."

तोवर रमेशही आला होता. तो म्हणाला, "आई, ती ठेव तुझी म्हातारपणाची आहे. मंडळाला सांगू, सगळे समजून घेतील."

"समजून घितील रं," सासूबाई म्हणाल्या, "पर जेवतील कुठं? भरल्या सभंत ह्यांच्या नावानं बोललीया मी. आता माघार न्हाई."

त्यांनी पुन्हा शेंगा सोलायला सुरुवात केली. विषय संपला.

त्याच दिवशी आम्ही तिघं बँकेत जाऊन वर्गणीची रक्कम मंडळाच्या खात्यात वळवली. मंडपवाल्याला पैसे दिले. दोन दिवसांनी हिरव्या प्रती घेऊन यायला सांगून ज्यादा सभा बोलावली आणि मी फाईल घेऊन उभी राहिले.

मी सगळं सांगितलं. चड्ढाजी, फोटो, रफार, टुंग, चेक. मग औषधसंस्थेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "काकू, म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून आजींना खर्चाला दिले?"

आणि सभागृह फुटलं! कर्नल शिंदे तर खुर्चीचा हात धरून हसत होते. "मी तिला ठणकावून सांगितलं गं, हेच नाव बरोबर आहे!"

बोकाडे काकांनी मात्र अध्यक्ष म्हणून सासूबाईंचं पासबुक आणि माझ्या केशरी स्लिपा मागवल्या. एकेक नोंद वाचायला घेतली. लोक आपापली हिरवी प्रत वर करून "आहे!" म्हणत होते. पासबुकात आकडा, वहीत आकडा, केशरीवर आकडा, हिरव्यावर आकडा. एकही नोंद इकडची तिकडे नाही! शेवटच्या ओळीला काकांनी चष्मा काढला.

"वहिनी, चूक तर तुमी अशी केली का मंडळाच्या इतिहासात कोणी नाही केली. पण नोंद इतकी पक्की ठेवली का ती चूकही हिशोबात बसून गेली!"

सांगायला संकोच वाटतो, पण मला त्या क्षणी भयंकर अभिमान वाटला. चुकणारे पुष्कळ असतात हो. इतकं नीटनेटकं चुकणारं कोण असतं?

मग सासूबाई उठल्या. शाल घडी घालून काकांसमोर ठेवली. "ही तुमची. तवा मी दिल्यालं पैसं तुमचंच हुतं." आणि शालीवर नवा चेक ठेवला. "ह्यो माझा."

कुणी सांगितलं नाही, पण सगळं सभागृह उभं राहिलं. काकांनी ती शाल उचलून पुन्हा सासूबाईंच्या खांद्यावर घातली. ओवी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आपली आजी भारी आहे ना?" मराठीत!

महाप्रसाद असा झाला, की आसपासच्या पंजाबी कुटुंबांनी आमटीच्या वाट्या तोंडाला लावल्या. मांडवाच्या दारात पाटी होती, 'कै. रघुनाथ पाटील यांच्या स्मरणार्थ'. सासूबाई पंगतीतून आग्रह करत फिरत होत्या, "और लो जी, लाजना नहीं." एक सरदारजी आजोबा त्यांच्या पाया पडून गेले. फरक अजून विचाराधीन आहे, पण त्या दिवशी त्याचा विचार कुणी केला नाही.

वर्षअखेरीला नवी कार्यकारिणी निवडायची होती. खजिनदार कोण, असं विचारल्यावर कर्नल शिंद्यांनी सासूबाईंचं नाव सुचवलं. म्हणाले, एवढी रक्कम खात्यात येऊनही जी बाई डगमगली नाही, तिच्या हाती तिजोरी सुरक्षित! एकमतानं ठराव झाला. मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

मलाही डावललं नाही हं. माझा अनुभव लक्षात घेऊन मला मंडळाची सल्लागार केलंय. फार मानाचं पद आहे. सल्लागाराला प्रत्येक बैठकीची आठवणीनं कल्पना देतात, बैठक संपल्यावर!